कोठीतला खालचा आवाज

माझ्याकडे एक लोखंडी डबी आहे. साबणाच्या वडीपेक्षा मोठी, जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. वर पायाने दाबायचा एक खटका, फिरवायचे दोन कान, आणि पोटात चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. इलेक्ट्रिक गिटारची वायर एका बाजूने तिच्यात घालायची आणि दुसऱ्या बाजूने काढून अॅम्प्लिफायरला जोडायची. मग गिटारवर एक सूर वाजवला की डबी तोच सूर एक सप्तक खालून, जाड आवाजात, जोडीला देते. एक कान फिरवला की मूळचा सूर कमी होतो, दुसरा फिरवला की खालचा वाढतो. एवढंच तिचं काम आहे, आणि तेही ती मर्जी असली तर करते.

मला मिळाली तेव्हाच ती वीसेक वर्षांची होती. औरंगाबादचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. बंद पडला म्हणजे पाच वाजवणाऱ्यांच्या जागी एक कीबोर्डवाला आला. देशाची दारं उघडली असं त्या वर्षांत रेडिओवर सारखं सांगत. गाण्याबजावण्याच्या धंद्यात त्या दारातून पहिला आत शिरला तो कीबोर्ड. त्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याची गिटार मी घेतली. ती पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "ही डबी पण घेऊन जा. परदेशी आहे. पण हिला एका वेळी एकच सूर कळतो, दोन दिले की पिसाळते." फुकट आणि परदेशी अशी वस्तू नको म्हणायची आमच्या घराण्यात रीत नव्हती. मी ती खिशात घातली.

माजलगावात धान्याच्या मोंढ्याजवळ माझा एसटीडी बूथ होता. काचेची एक केबिन, एक फोन, बाहेर काउंटर. केबिन रिकामी असली की मी आत बसून वाजवायचो आणि गिऱ्हाईक आलं की बाहेर यायचो. गिटार मी एका पातळशा पुस्तकावरून शिकलो होतो, आणि त्या पुस्तकात सगळे कॉर्ड होते. कॉर्ड म्हणजे तीन-चार तारा एकदम. डबीतून कॉर्ड वाजवला की ती यातला कुठला सूर धरू आणि कुठला सोडू अशा पेचात पडायची आणि हौदात म्हैस पडल्यासारखा आवाज काढायची. एकदा केबिनमध्ये एक म्हातारबुवा पुण्याच्या लेकाशी बोलत होते आणि मी बाहेर कॉर्ड वाजवत होतो. बुवा फोनवर म्हणाले, "न्हाई रं, समदे बरे हायत. कुनी रडत न्हाई. ह्या पोराचं बाजं हाय." मी कॉर्ड सोडून दिले.

मग हळूहळू डबीच्या खोडी कळत गेल्या. जाड तारा तिला झेपत नाहीत, मधल्या तारांवर ती खूश असते. तार नखाने छेडलेली तिला आवडत नाही, बोटाच्या मांसाने छेडावी लागते. शेजारची तार चुकूनही वाजता कामा नये. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे, सूर विरायला लागला की ती घशात काही अडकल्यासारखी खरखरते. त्यामुळे सूर मरायच्या आधी आपणच तो तोडायचा, क्षणभर थांबायचं आणि पुढचा घ्यायचा. गोऱ्या लोकांना तिचा कंटाळा का आला असेल ते समजत होतं. पण आपलं गाणं असतंच एका सुराच्या मागे दुसरा असं. तसं वाजवलं तर ती गुणी होती.

आता माझ्या वडिलांकडे यायला हवं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. त्यांचा आवाज एवढा खोल होता की उसाचा ट्रक मागे घ्यायला लावायला त्यांना शिट्टी लागत नसे. ते नुसतं "येऊ दे" म्हणायचे आणि ड्रायव्हरला ते इंजिनाच्या आवाजाखालून ऐकू जायचं. माझ्या सख्ख्या मामांची भीमगीतांची गायन पार्टी होती. मामा पुढे पेटी घेऊन गायचे, मागे कोरसची रांग, बाजूला ढोलकी. दादा मागच्या रांगेत उजव्या कोपऱ्यात बसायचे. सगळा कोरस वर म्हणत असताना दादा तीच ओळ खालून म्हणायचे. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. वरचं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते खाली गेले होते, आणि तिथे दुसरं कुणीच नसल्यामुळे त्यांना ती जागा कायमची मिळाली. मामा म्हणायचे, "दाजी हायत म्हनून गानं जमिनीवर हाय. न्हाईतर आमी कव्हाच उडून गेलो असतो."

आमच्याकडे नुसतं जयंती म्हणतात. कोणाची, असं विचारणारा बाहेरचा असतो. आणि ती एका दिवसात संपत नाही. एकाच तारखेला सगळ्या गावांना पार्टी कुठून मिळणार? म्हणून एप्रिलपासून मे संपेपर्यंत प्रत्येक गाव आपापल्या सोयीने जयंती करतं आणि आम्ही जीपमध्ये बसून या गावची संपवून त्या गावची करायला जातो. दादा त्यासाठी वर्षभराच्या रजा राखून ठेवत. आजारी पडायचे ते ड्युटीवरच.

मग ते खरंच आजारी पडले. घशात गाठ निघाली. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, आणि आवाज गेला. राहिला तो वारा. दादा बोलायला लागले की ओठ हलायचे आणि त्यातून वारा यायचा. जवळ बसलं तर त्यात शब्द सापडायचे. घरी मात्र आवाज गेला असं कुणीच म्हणत नव्हतं. "अजून बसलेलाय," असं आई सांगायची. भेटायला येणारेही म्हणायचे, "बसलाय, उठंल की." दादा मान हलवायचे. पाहता पाहता वर्ष झालं तरी आमच्या घरात दादांचा आवाज बसलेलाच होता.

जयंतीचे दिवस आले तसे दादा पांढरा सदरा घालून जीपमध्ये जाऊन बसले. कुणाची काय बिशाद त्यांना उतर म्हणायची! स्टेजवर ते आपल्या कोपऱ्यात बसायचे, टाळ्या वाजवायचे आणि ओळ आली की तोंड उघडायचे. सगळी ओळ ते म्हणायचे, फक्त ती ऐकू येत नव्हती. पहिल्या दोन-तीन गावांत कुणी लक्ष दिलं नाही. पुढे लोक बोलायला लागले.

एक दिवस भर दुपारी मामा बूथवर आले. फोन करायचा नव्हता तरी केबिनमध्ये जाऊन बसले आणि मला आत बोलावलं. त्या केबिनमध्ये दोन माणसं मावत नाहीत. मामा माझ्या खांद्याला खांदा लावून म्हणाले, "तुज्या दादाला सांग, ह्या साली ऱ्हाऊ द्या म्हनावं. नुसतं तोंड हलवनारा मानूस स्टेजवर बसवता येत न्हाई. लोक हसत्यात. मला तेंच्यावर हसलेलं बगवत न्हाई बग."

मी म्हणालो, "मग तुमीच सांगा की."

"मी कसं सांगू बे?" मामा म्हणाले. "दाजी हायत माझे."

हेही खरं होतं. बहिणीच्या नवऱ्याला मेव्हण्याने स्टेजवरून उठवायचं म्हणजे बहिणीच्या घरी पाणी प्यायची सोय राहत नाही. ती जबाबदारी लेकाची. मी घरी गेलो. दादा सदऱ्याला इस्त्री करत होते. इस्त्री करताना त्यांचे ओठ हलत होते. ते मनात चाल घोळवत होते. मला सांगवलं नाही. उद्या सांगू म्हणून मी जेवलो आणि जेवता जेवता मला डबी आठवली.

खालचा आवाजच पाहिजे ना? तो तर माझ्या खिशात होता. दादांची ओळ मी गिटारवर वाजवायची, डबीने ती खाली न्यायची, म्हणजे गाणं परत जमिनीवर येईल. गाणं जमिनीवर आलं की मागच्या रांगेकडे कोण बघतो? दादा बसतील आपले. मामांना पटलं. दादांना सांगावं लागणार नाही असं काहीही त्यांना पटलं असतं.

विहारासमोरच्या पटांगणात तालीम ठेवली. बूथमध्ये मी डबी जुन्या टेपच्या स्पीकरवर वाजवत असे आणि खालचा सूर छान ऐकू यायचा. इथे विहाराचा अॅम्प्लिफायर आणि कर्णा. मी वाजवलं आणि कर्ण्यातून फक्त वरचा सूर आला, चिरका. खालचा गायब. आमच्याकडे आवाज कमी पडला की कर्णा वर चढवतात, हा पिढ्यांचा उपाय आहे. बांबूवरचा कर्णा लिंबावर बांधला. खालचा सूर नाही. मग आमचा ढोलकीवाला दोरी घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. टाकीवरून माझी गिटार अर्ध्या माजलगावाला ऐकू गेली असेल, पण खालचा सूर नाहीच. ढोलकीवाला वरून ओरडला, "आता कुटं बांधू बे? चंद्रावर?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की कर्ण्याच्या नरड्यातून जाड आवाज निघतच नाही, तो किती का उंच बांधा. डबी आपलं काम करत होती, आम्हीच तिला बोंबलणाऱ्याच्या तोंडी दिलं होतं.

जाड आवाजाला मोठा स्पीकर पाहिजे आणि स्पीकरला लाकडी पेटी पाहिजे. बारा इंची स्पीकर मिळाला. पेटीसाठी सुताराने जयंती संपल्यानंतरची तारीख दिली. मी घरात फिरून पोकळ वस्तू ठोकून बघायला लागलो. पिंप, हंडा, फळीवरचा पिठाचा डबा. शेवटी ज्वारीची पत्र्याची कोठी ठोकली आणि ती दादांच्या आवाजात बोलली. नवी ज्वारी अजून भरायची होती, कोठी रिकामी होती. तिच्या तोंडावर स्पीकर बसवला, चिंध्या कोंबून फटी बुजवल्या आणि मधल्या तारेवर एक सूर वाजवला. भिंतीवरची भांडी थरथरली. आई चुलीपासून उठून आली आणि दारातच उभी राहिली.  मग म्हणाली, "अजून एक डाव वाजव."

दादांनी मात्र कोठी बघितली आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. ते हाताने नको नको म्हणायला लागले. मी जवळ गेलो तेव्हा त्यांच्या वाऱ्यात शब्द सापडले. "वाजवायचं, आन् वर कोठी घेऊन गावात जायचं? तुज्या आज्याला काय सांगू मी?"

हे बाहेरच्याला सांगावं लागेल. माझे आजोबा एके काळी गावात दारोदार हलगी वाजवायचे आणि त्याबद्दल खळ्यावरचं धान्य पदरात घ्यायचे. घ्यायचे म्हणजे मागायचे. दीक्षा घेतली त्या साली त्यांनी दोन्ही गोष्टी एकदमच सोडल्या आणि हलगी विहिरीत टाकली. दादा तेव्हा लहान होते. त्या पदराचं एक टोक त्यांनी धरलेलं होतं. गायन पार्टीत वाजवणं त्यांना चालायचं, कारण ते आपलं, आपल्या लोकांसाठी आणि मानाने बोलावलेलं. पण वाद्य आणि धान्याची कोठी एका जीपमधून गावात न्यायची, हे त्यांना बघवेना.

आई म्हणाली, "आजा इचारल तर कोठी रिकामी हाय म्हनून सांगा." मग तिने ट्रंकेतली निळी चादर काढली आणि कोठीला अशी गुंडाळली की पत्रा कुठे दिसू नये. कोठीचं तोंड चादरीआड गेलं तरी आवाज येत होता. दादा मुकाट्याने जीपमध्ये बसले, कोठीपासून जमेल तेवढं लांब.

पहिला कार्यक्रम चकलांब्याला होता. आम्ही कोठी उतरवत होतो तेवढ्यात चादर सरकली. जयंती मंडळातला एक जण, आपलाच माणूस, गमतीने म्हणाला, "ए, कोठीच आनली की रं! किती पोती घेऊन जानार?" सगळे हसले. त्याच्या मनात काही नव्हतं. दादांनी मात्र चादर ओढून नीट केली, कोठी स्टेजच्या मागच्या बाजूला लावायला लावली, आणि उजव्या कोपऱ्यातली आपली वर्षानुवर्षांची जागा सोडून बरोबर कोठीच्या पुढ्यात मांडी घालून बसले. छाती काढून बसले, म्हणजे कोठी कुणाला दिसू नये. मी डाव्या अंगाला, पडद्याच्या कडेला गिटार घेऊन बसलो होतो.

गाणं सुरू झालं. मामांनी ओळ टाकली, कोरसने उचलली, मी डबीवर पाय दिला. खालचा सूर आला. तो कोठीतून आला, म्हणजे दादांच्या पाठीमागून आला, आणि त्याच वेळी दादांनी सवयीने तोंड उघडलं.

समोरच्या लोकांना काय दिसलं असेल ते मला त्या क्षणी कळलं नाही. कार्यक्रम संपल्यावर कळलं. दादांच्या वयाचे एक गृहस्थ स्टेजवर चढले, त्यांनी दादांना जयभीम घातला आणि कडकडून मिठी मारली. "आवाज आला की तुमचा! मी म्हनलंच होतं, उठंल म्हनून." दादांनी माझ्याकडे पाहिलं, कोठीकडे पाहिलं, आणि हसले. आवाज नसलेल्या माणसाला एक सोय असते, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खोटं कुटं बोलले? बोललेच न्हाईत की." आणि मला, खरं सांगायचं तर, फार आनंद झाला होता. वर्षभरात दादांना कुणी मिठी मारलेली मी पाहिली नव्हती.

मामाही खूश होते. दादांची जागा कोठीपुढे पक्की झाली. अडचण एकच होती, माझ्या वाजवण्याचा आणि दादांच्या तोंडाचा मेळ बसत नव्हता. मी सूर लांबवायचो तेव्हा त्यांचं तोंड मिटलेलं असायचं. डबी खरखरली तर ती खरखर त्यांच्या उघड्या तोंडातून आल्यासारखी वाटायची. ढोलकीवाला म्हणाला, "दोगं दोन गानी म्हनायलाव का बे?" मग मी तारांकडे बघायचं सोडलं आणि दादांच्या खांद्यांकडे बघायला लागलो. दम घेताना त्यांचे खांदे वर यायचे आणि ओळ सुरू झाली की सावकाश खाली जायचे. खांदे खाली टेकायला आले की मी सूर तोडायचो. आणि गंमत अशी की डबी खरखरायची ती नेमकी तिथेच. म्हणजे दादा जिथे दम घेत होते तिथेच तिलाही घ्यावा लागत होता. इतके दिवस मी त्याला खोड म्हणत होतो.

त्यानंतर डबी कधी पिसाळली नाही. गावामागून गाव झालं. दादा खांद्याने गायचे, मी बोटाने, कोठी पोटातून. लोक म्हणायचे, आधीपेक्षा खणखणीत झालाय आवाज. दादांनाही त्याचं काही वाटत नसावं असं मला वाटायचं. सदऱ्याला ते दोनदा इस्त्री करायला लागले होते.

मे महिन्याच्या शेवटी युसूफ वडगावला बोलावणं आलं. मोठं गाव, मोठं स्टेज, समोर बायामाणसं खच्चून बसलेली. जयंती मंडळाने बीडहून एक निवेदक आणला होता. त्याला दोन गाण्यांच्या मध्ये गप्प बसता येत नव्हतं. मंडळातल्या कुणीतरी त्याला दादांची हकिगत सांगितली असणार. दुसऱ्या गाण्याचं एक कडवं झालं आणि तो मधेच माईक घेऊन उभा राहिला. मामांना पेटी थांबवावी लागली.

"बंधू आणि भगिनींनो," तो म्हणाला, "आपल्यासमोर बसलेत ते हे दादा. यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनीसुद्धा हात टेकले. आवाज गेला तो गेलाच. आणि आज तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकताय! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत! हा चमत्कार नाही तर दुसरं काय आहे?"

टाळ्या पडल्या. मी खाली बघितलं. मला दादा माहीत होते. कारखान्याच्या गेटवर एकदा एक महाराज हवेतून अंगारा काढून दाखवत होते. दादा त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून म्हणाले होते, हवेतून माझी एक दिवसाची सुट्टी काढून द्या, मग मी पाया पडतो. मिठी त्यांनी घेतली होती, कौतुक घेतलं होतं. पण जयंतीच्या स्टेजवर, आपल्या लोकांसमोर, आपल्या नावावर चमत्कार? तो शब्द आमच्या घरात कुणी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे.

दादा उठले. टाळ्या आणखी वाढल्या, लोकांना वाटलं नमस्कार करायला उठलेत. त्यांनी निवेदकाच्या हातातून माईक काढून घेतला. मामा पेटीवरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारणार?

दादांनी माईक ओठांना टेकवला आणि तोंड उघडलं. सगळ्या पटांगणावर आधी नुसता तो वारा घुमला. टाळ्या विरळ होत थांबल्या. पोरं गप्प झाली.

"चमत्कार न्हाई," दादा म्हणाले. "कोठी हाय."

ते वळले आणि त्यांनी निळी चादर एका हाताने ओढून काढली. दिव्यांच्या उजेडात पत्रा चमकला. ज्वारीची कोठी, तिच्या तोंडात काळा स्पीकर, कडेला कोंबलेल्या आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. सगळं गाव बघत होतं. दादा पुन्हा माईककडे आले.

"पोरगं वाजवायलंय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. मग थांबले. खांदे वर आले. "माजा आवाज गेला. आता येनार न्हाई."

वर्षभर आमच्या घरातल्या एकानेही हे वाक्य उच्चारलं नव्हतं. आईने नाही, मी नाही, डॉक्टरकडे जाताना नाही, येताना नाही. ते मी पहिल्यांदा ऐकलं ते युसूफ वडगावात, सगळ्या गावाबरोबर. माझे डोळे भरून आले आणि गिटार मांडीवर असल्यामुळे मला ते पुसताही येईनात.

 निवेदक हात मागे बांधून उभा होता. मग पुढे बसलेली एक म्हातारी, डोक्यावरचा पदर सारखा करत, मोठ्याने म्हणाली, "भरलेली हाय का रिकामी?"

दादा म्हणाले, "रिकामी."

"मग थांबलाव कावून? गावा की. गानं अर्ध्यात ऱ्हायलंय."

दादांनी माईक निवेदकाकडे दिला. चादर त्यांनी परत घातली नाही. घडी करून बाजूला ठेवली. कोठीच्या पुढ्यात बसायला ते गेले नाहीत. उजव्या कोपऱ्यातली जुनी जागा रिकामी होती, तिथे मांडी घालून बसले. त्यांना तिथून उठवायला मला ज्यांनी केबिनमध्ये बोलावलं होतं, ते मामा पेटीवर हात ठेवून मान खाली घालून बसले होते. ते आता काय म्हणतील याची मला धास्ती होती. लोकांना सगळं कळलं होतं, झाकायला काही उरलं नव्हतं, आणि नुसतं तोंड हलवणारा माणूस परत नुसतं तोंड हलवणाराच झाला होता.

मामांनी डोळे पुसले, भाता ओढला आणि मागे वळले. पार्टीत मागच्या रांगेला कुणी कधी काही विचारत नाही. पेटीवाला सुरू करतो आणि मागचे उचलतात.

"दाजी," मामा म्हणाले, "कुटून घ्यायचं?"

दादांनी विचार केला. मग दोन बोटं वर केली. दुसऱ्या कडव्यापासून.